कंपन्यांच्या गाड्या मोजणारा केरू

नवऱ्याचं नाव घ्यायला मला लाज वाटत न्हाई. केरू. सांगलीच्या भायेर माळावर एक इंजिनेरिंग कॉलेज हाय, त्याच्या फाटकावर अकरा वर्सं वॉचमन. समोर रस्त्याच्या कडंला माझा चहा-पोह्याचा गाडा. मी दिवसभर बोलते, ते दिवसभर फाटकाचा दांडा वर-खाली करत्यात.

खोटं बोलायला मात्र त्यास्नी कवाच जमलं न्हाई. एकदा भिशीवाली दारात आली. मी म्हटलं, "माया घरात न्हाई म्हणून सांगा." ह्यांनी जाऊन सांगितलं, "ती आत बसलीया. न्हाई म्हणून सांगा म्हणतीया." दोन दिस बोलले न्हाई मी.

भित्रा गडी न्हवं बरं का. फाटकात नाग निघाला तवा काठीवर उचलून लांब माळात सोडून आलं. पर कागदाला भित्यात. आमच्या लेकीनं, क्रांतीनं, ह्याच कॉलेजात जायचं म्हटलं. आमच्यात शिकायला न्हाई म्हणायची रीत न्हाई. मार्क थोडं कमी पडलं, मॅनेजमेंट कोट्यातनं सीट घेतली, तितं शिष्यवृत्ती लागू न्हाई. मंग बँकेचं साडेसहा लाखाचं कर्ज. सही करताना ह्यांनी सोताच्याच नावातलं अक्षर गाळलं, बँकेतल्या बाईला दुसरा कागद काढायला लागला.

तवापासनं त्यास्नी गाड्या मोजायचा नाद लागला. दरसाली थंडीच्या दिसांत पोरांना नोकरीवर घ्यायला कंपन्यांच्या गाड्या येत्यात, आन दांडा हेच उचलत्यात. क्रांती पयल्या वर्साला व्हती तवा चौदा आल्या. दुसऱ्याला नऊ. तिसऱ्याला सहा. ताट बाजूला सारून म्हणायचं, "माया, औंदा सहाच गं."

मी खेकसायची, "गाड्या काय मोजताय? पोरगी फस्क्लासमधी पास व्हतीया!" आवाज माझा मोठा, पर गाड्यावरनं मीबी मोजतच व्हते. शेवटच्या वर्साला तीन आल्या. त्यातली एक हॉस्टेलला गाद्या इकणाऱ्याची निघाली.

क्रांती पास झाली. पुण्याला धा ठिकाणी जाऊन आली. घरात कुणाचा फोन वाजला की हे परड्यात जाऊन उभं ऱ्हायचं. बँकेनं सांगितलं व्हतं, शिक्षण संपल्यावर एक वरीस थांबतो, मंग हप्ता चालू. ते वरीस सरत आलं आन कॉलेजातनंच तिला बोलावणं आलं. अॅडमिशनच्या मांडवात बसायचं, बारावी झालेल्या पोरांना आन त्यांच्या आईबापांना म्हायती द्यायची. म्हयन्याला बारा हजार. चाळीस पोरं आणली तर पगार कायम.

आठ दिसांत फाटकावर फ्लेक्स लागला. क्रांतीचा हसरा फोटो आन खाली 'शंभर टक्के नोकरी'. हे त्याच फ्लेक्सखाली दांडा धरून उभं.

मला हळूच म्हणालं, "माया, कॉलेजनंच लेकीला नोकरी दिली आन कॉलेजच सांगतंय नोकरी लागली म्हणून. ही काय रीत झाली?"

"गप बसा की! जुलैपासनं हप्ता हाय." असं म्हटलं खरं, पर त्या दिशी माझं पोहं दोनदा करपलं.

अॅडमिशनला आठ दिस उरलं तवा क्रांतीनं सतराच पोरं आणली व्हती. पोरीच्या तोंडावर रया न्हवती. त्यातच एक दिस पाटणच्या वरल्या अंगाचा एक माणूस आला. त्याच्यासंगं दोन वेण्या घातलेली लेक. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत कर्जाची कागदं. आत जायच्या आधी तो फाटकाशी थांबला.

"दादा, तुमी रोज हितं उभं असता. खरं सांगा. पोरीला हितं घातली तर नोकरी लागंल न्हवं? ऱ्हातं घर तारण ठेवतोय."

मी रस्त्याच्या अलीकडनं समदं ऐकत व्हते. फाटकालगतच्या मांडवात क्रांतीचा पेन थांबला. ती बापाकडं बघाय लागली. ह्यांनी उगाच दांडा वर केला, परत खाली घेतला. मला वाटलं, आता हा बाबा खरं सांगतोय आन लेकीची नोकरी घालवतोय. मला इतकं भ्या वाटलं की हातातलं भांडं मी तसंच धरून ऱ्हायले.

तर ह्यांनी रस्त्यापल्याड हात केला. "ती चहावाली हाय न्हवं, तिला इचारा. तिला समदं म्हाईत."

आगं आई गं! बरोबर माझ्याच गळ्यात आणून बांधलं की! असला राग आला म्हणून सांगू. तवर तो माणूस लेकीला घिऊन माझ्याम्होरं उभा.

"मावशी, खरं सांगा."

पलीकडनं नवरा आन लेक, दोघंबी माझ्या तोंडाकडं बघत्यात. मी फ्लेक्सकडं बोट केलं. "ती पोरगी दिसती का? माझीच हाय. हितंच शिकली. लागली की नोकरी."

ह्यात एकबी शब्द खोटा न्हवता. त्या माणसानं मला हात जोडलं. मी त्याच्याकडनं चहाचं पैसं घेतलं न्हाईत.

क्रांतीची चाळीस भरली न्हाईत, एकतीसच झाली. ठिवून घेतलं तिला, पर पगार आठ हजारावर आणला. हप्ता त्याहून जास्त हाय, तो माझ्या गाड्यावरनं भरतोय. पाटणची ती पोरगी, संयोगिता, हॉस्टेलवर ऱ्हाती. सकाळी माझ्याकडं चहा पिती आन मावशी-मावशी करती. गुणाची हाय. माझं मात्र तिच्या डोळ्याला डोळा भिडवायचं धाडस व्हत न्हाई. माझ्यासारख्या बाईचं!

काल ह्या थंडीतली पयली गाडी आली. ह्यांनी दांडा उचलला, आन माझ्याकडं बघून एक बोट वर केलं.

संयोगिता माझ्यापशीच उभी व्हती. म्हणाली, "मावशी, काका बोट कसलं दावत्यात?"

"चहा मागत्यात," मी म्हटलं, "एक."

आन कप भरून न्यायला निघाले, तर निम्मा चहा रस्त्यातच सांडला.