वापरणाऱ्याची चूक

माझा जबडा आज जागेवर आहे आणि मी चार घास चावून खाते, ते आमच्या खानावळीत जेवणाऱ्या एका भाऊजींमुळे. हे आधी सांगून टाकते. पुढचं सांगायला लागले की माझं डोकं तापतं आणि उपकाराची गोष्ट मागे पडते, म्हणून.

मी मूळची मालवणकडची. सातवीनंतर शाळा सुटली, लग्न झालं, आणि समुद्र सोडून नगरच्या माळावर आले. आमचे हे भिंगारच्या पलीकडे एका इंजिनिअरिंग कॉलेजात ड्रायव्हर होते. संसाराला हातभार म्हणून मी कॉलेजातल्या चौघांना घरी जेवू घालायची. मुलं कसली, इंजिनिअर झालेलेच होते. आता आणखी मोठी पदवी घ्यायला एकेक विषय धरून बसले होते. मी त्यांना भाऊजी म्हणायची, ते मला वहिनी.

ताटावर बोलणं विषयांचंच. एकाला सिमेंटला भेगा का पडतात याचं वेड, एकाला यंत्र थरथरतं का याचं. तिसरे काचेच्या नळीतून पाणी सोडायचे. बाहेर दुष्काळ. विहिरींचा तळ दिसत होता, रेशनला अमेरिकेची लाल ज्वारी, मिलो, मिळत होती, आणि कॉलेजात पाणी वाहत होतं. कशाला, तर पाणी कसं वाहतं ते बघायला!

"ते वाया जात नाही वहिनी. तेच तेच पाणी फिरत राहतं."

"मग एकदा माझ्या दारावरून फिरवा की."

यावर चौथे भाऊजी ठसका लागेपर्यंत हसले. माझा जबडा वाचवला तो त्यांनीच. संगमनेरकडच्या शेतकऱ्याघरचे. कॉलेजात पुस्तकी मराठी बोलायचे, ताटावर बसले की घरची बोली सुटायची. "वैनी, ह्यांचे विषय लई मोठे. माझा विषय तुमच्या दारात हाय."

खरंच दारात होता. आमच्या वस्तीवर नवा हापसा बसवला होता. त्याचा दांडा आणि सगळी जोडणी भाऊजींच्या गाईडसरांनी स्वतः आखलेली. तो हापसा किती टिकतो, काय झिजतं, हे बघून लिहायचं, हा भाऊजींचा अभ्यास. ते जवळच्या दगडावर बसून बघत राहायचे. बायका पदराआड हसायच्या.

"काय वो सायेब, हंडे मोजताय का बाया?"

"हापसा बघतोय, मावशी."

"मग या की. दोन हंडे हापसून बी बघा!"

ते उठायचे आणि हापसून द्यायचे. माझी पाळी आली की बायका मला सोडायच्या नाहीत. "ए मालवनीन, तुज्या मुलखात म्हनं पानी झाडाला लागतं?" मी म्हणायची, "लागतं, नारळात." तेवढंच हसू त्या रांगेत असायचं.

दांडा ज्या खिळीवर लोखंडी सळईला जोडलेला होता ती खीळ बारीक आहे, असं भाऊजी जेवताना पुन्हा पुन्हा म्हणायचे. सरांनाही सांगून आले होते. सर म्हणाले, "हिशेबात पुरेशी आहे." हिशेबात पुरत असेल. आमच्या वस्तीवर तो हापसा दिवस उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत थांबत नव्हता.

एका सकाळी मी सगळं अंग टाकून दांडा खाली दाबला आणि ती खीळ तुटली. हातातलं वजन एकदम नाहीसं झालं. मी पुढे कोसळले, दांडा खाली आदळून उसळला आणि हनुवटीखाली बसला. तोंडात रक्त आणि दातांचे तुकडे. हे गाडी घेऊन पुण्याला गेलेले. बायका ओरडत होत्या, पण हात लावायला कोणी धजेना. भाऊजी दगडावरून उठून धावले. माझाच पदर माझ्या जबड्याखाली दाबून धरला, रस्त्यावर दुधाचा टेम्पो आडवा उभा राहून थांबवला, आणि कॅनांच्या मध्ये मला बसवून नगरच्या दवाखान्यात नेलं. परक्या बाईला असं धरून नेलं म्हणून लोक काय बोलतील याचा विचार त्यांनी केला नाही. मी केला. तेवढ्या दुखण्यातही केला, इतकी मी भित्री.

डॉक्टरांनी तारेनं दात बांधून तोंड बंद केलं. दातांच्या फटीतून जाईल तेवढंच पोटात. आमच्याकडे आजाऱ्याला पेज देतात हे भाऊजींना माझ्याच तोंडून कधीतरी कळलेलं. ज्वारी खाऊन वाढलेल्या त्या माणसाने रेशनच्या तांदळाची पेज केली. खाली लागलेली, मिठाने खारट झालेली. माझ्या आईच्या पेजेशिवाय तशी पेज मी कुठे प्यायले नाही.

आता जे सांगायचं ते.

तोंड बांधलेलं असतानाच एके दिवशी गाईडसर हापसा बघायला आले. बरोबर कॉलेजातले आणखी दोघे साहेब, आणि भाऊजी. मला दारातून बोलावलं. सरांची गाडी आमच्या ह्यांनीच चालवत आणलेली, हे गाडीपाशी उभे.

सर म्हणाले, "काय बाई, पाय घसरला ना?"

मी जोरजोराने मान हलवली. नाही, नाही!

"दांडा फार जोरात दाबलात. यांना सवय नसते," सर त्या दोघांना म्हणाले. मग भाऊजींकडे वळले. "वापरणाऱ्याची चूक. प्रबंधात असंच येऊ दे."

मला सवय नसते! आयुष्यभर पाणी कोणी भरलं मग, ह्यांच्या काचेच्या नळीने? आणि हळू दाबलं तर त्या हापशातून थेंब तरी येत होता का? सांगण्यासारखं इतकं होतं आणि दात तारेनं बांधलेले. मी घशातून नुसती हुंकारत राहिले. माझे दात तिथे त्या मातीत पडलेले, आणि चूक माझी. आमच्या ह्यांच्याकडे बघितलं. ते टायर बघत होते. त्यांना तरी काय म्हणू? नोकरी गेली असती तर परत मालवणला जायचं भाडंही नव्हतं.

भाऊजी बोलले. सरांसमोरची ती पुस्तकी मराठी कुठल्या कुठे गेली. "सर, चूक बाईची न्हाई. खिळीची हाय. म्या तुमाला आदीच सांगितलं हुतं."

ते दोघे साहेब एकमेकांकडे बघून हसले. खिळीला नाही हसले, 'म्या'ला हसले.

सरांनी आवाज चढवला नाही. "तुमचा अभ्यास माझ्या हापशावर आहे, जबड्यावर नाही. हे वाक्य नको असेल तर दुसरा गाईड बघा."

दुसरा कोण मिळतोय! एका सरांनी सोडलेल्याला दुसरे सर घेत नाहीत. पंगतीतले बाकीचे तिघे समजवायला लागले. "अरे, एक तर वाक्य आहे. लिही आणि पदवी घेऊन मोकळा हो. त्या वहिनी कुठे इंग्रजी वाचणार आहेत?" मी तिथेच पोळ्या वाढत होते. हेच तिघे माझ्या हातचं खात होते.

भाऊजी ताटातून मान वर न करता म्हणाले, "त्या वाचनार न्हाईत म्हनूनच लिवायचं न्हाई."

त्यांनी ते वाक्य लिहिलं नाही. पदवीही मिळाली नाही. जायच्या आधी नगरच्या एका गॅरेजातून जाड खीळ करून आणली आणि दांडा जिथे आदळायचा तिथे जुन्या टायरचा तुकडा बसवला. पाना धरायला आमचे हे गेले, सगळ्यांदेखत. त्या दिवशी मला ह्यांचा राग सोडून देता आला.

निघताना मी विचारलं, "घरी काय सांगाल?" तार निघाली होती, पण बोलणं अजून बोबडंच होतं.

"जमलं न्हाई म्हनून सांगिन. खिळीचं कोनाला पटायचं, वैनी? नापास झाला म्हनत्याल, म्हनू द्या."

का म्हणू द्यायचं? सर मोठे झाले, हापसा त्यांच्याच नावावर राहिला, आणि खरं बोलणारा आपल्या गावात नापास ठरला. माझ्या जिवाला हे अजून टोचतं.

मी एकटी कधी एसटीत बसलेले नाही. गावाचं नाव चुकेल, गाडी पुढे जाईल, अशी भीती वाटते. तरी एक दिवस संगमनेरची गाडी धरणार आहे. त्यांच्या आईसमोर बसून सांगणार आहे, की तुमचा मुलगा नापास झाला नाही, एका बाईच्या माथी खोटं मारायला तो नाही म्हणाला. शेजारपाजारच्यांनाही बोलवा म्हणेन. आणि या वेळी माझं तोंड बांधलेलं नसेल.