होडीतला पंप आन् दत्तूभाऊ

दत्तूभाऊ गेल्याचा फोन आला तवा मी रांजणगावात कंपनीच्या बसची वाट बघत वडापाव खात हुतो. वहिनी एवढंच म्हणाल्या, "भावजी, हे गेलं," आन् फोन बंद झाला. माणूस म्हंजी काय जात हाय बघा… मी हातातला वडापाव आधी संपवला, मिरचीसकट, आन् मग खाली बसून रडलो. शेजारच्या बिहारी गड्यानं विचारलं, मिर्ची तेज थी क्या? मी मान हलवली. त्याच्या लेखी मी अजून मिरचीनंच रडलोय.

दत्तूभाऊ दौंडकडचा, भीमेकाठचा, पंपाचा मिस्त्री. मी केंदूरचा, दुसरी नापास, त्याचा जोडीदार. पहिल्याच दिवशी विहिरीतनं मोटर वर वढताना मी भलताच दोर सोडला आन् मोटर परत पाण्यात, तिच्यामागं माझी एक चप्पल. वाटलं, आता हा मला बी ढकलतोय. तर तो काठावर बसून पोट धरून हसला आन् म्हणाला, मोटर काढता येती किसना, तुझं बोट गेलं असतं तर कुठनं आणायचं? त्या दिवसापास्नं हा माणूस म्हणंल ते खरं, असं मी धरून चाललो. ही माझी दुसरी चूक. पहिली चप्पल.

दौंडच्या खाली धरणाचं पाणी लई लांबपतूर पसरलंय. तिथं एका मालकानं पाखरं बघायला येणाऱ्या पाव्हण्यांसाठी मोठी होडी आणली, आत एसी. पाखरं उन्हात, माणसं गारव्यात. या एसीला थंड ठेवायला नदीचंच पाणी लागतं. पंपानं खालनं वढायचं, एसीतनं फिरवायचं आन् बाजूच्या नळीनं परत नदीत सोडायचं. तो पंप गेला. मालकानं दत्तूभाऊला बोलावलं आन् सांगितलं, काम जमलं तर होडीची कायमची देखभाल तुम्हा दोघांकडं. म्हंजी विहिरीत उतरणं बंद. मी तर घरी सांगून आलो हुतो की आता मी जहाजावर हाय.

फळी उचलली तर खाली एवढीशी जागा. बारीक म्हणून मला आत घातलं. जाताना गेलो, येताना कमरंत अडकलो, तवा दत्तूभाऊ आन् होडी चालवणारा पोरगा, दोघांनी मला उसासारखं उपटून काढलं. पण काम मीच केलं. तळाचा कॉक वरनं हात घालून बी फिरायचा, तो आधी बंद केला, न्हाईतर नदीच आत येती. जुना पंप सोडवला, त्यात शेवाळ आन् एक मेलेला मासा. नवा बसवला, पाईप चढवलं, क्लिपा आवळल्या, कॉक उघडला. म्हंजी उघडला असं मला वाटलं… हात धुवायला मागं गेलो. परत आलो तवा दत्तूभाऊनं बटण दाबलं. पंप घुमतोय, पण नळीतनं थेंब न्हाई. हवा धरली असंल, निघंल, म्हणून थांबलो. मग रबर जळाल्याचा वास आला. कोरा पंप कोरडा फिरून जळला.

मालकानं वाकून बघितलं तर कॉक बंद. दत्तूभाऊ माझ्याकडं वळला. आवाज सुदीक चढवला न्हाई.

"किसना, कॉक उघडायचा राहिला का रं?"

आता माझं डोकं म्हंजी… एकदा मी दुसऱ्याच लग्नात जेवून, आहेर देऊन आलोय. म्हटलं, राहिला असंल.

मालक म्हणाला, हा माणूस परत होडीवर दिसायचा न्हाई. देखभाल एकट्या दत्तूभाऊकडं गेली. गावोगाव बातमी झाली आन् मला कुणी पंपाला हात लावू दीना. मग दत्तूभाऊनंच ठेकेदाराला सांगून मला रांजणगावात पेट्या उचलायला लावलं. गाडीवर बसवून गेटपतूर सोडायला आला. मी त्याच्या पाया पडाय गेलो तर त्यानं पाय मागं घेतलं. मला वाटलं, केवढा मोठा माणूस.

आठ वर्सं ही गोष्ट मी पारावर, लग्नात, बसमधी सांगितली. माणसं माझ्यावर हसायची, मी बी हसायचो. दहाव्याला नदीवर प्रवचन झालं, माईकवर श्रद्धांजली सुरू झाली, तवा लोकंच म्हणाली, किसनमामा, होडीचं सांगा. सांगितलं. दुखवट्यात बी माणसं गालात हसली. खाली उतरलो तर होडी चालवणारा नामदेव मला घाटाच्या कडंला घेऊन गेला.

"मामा, बास करा आता ते. कॉक तुम्ही उघडलावता. तुम्ही हात धुवायला गेला आन् भाऊंनी फिरवला. मी बघितलं. भाऊ म्हनले, गप ऱ्हा."

मला लगीच उमगलं. विहिरीवर मोटर चालू करताना कॉक आधी बंद ठेवायचा, मोटर फिरली की हळूहळू उघडायचा. आमचा जलमाचा शिरस्ता. दत्तूभाऊचा हात तसाच चालला आन् पुढं उघडायचं राहून गेलं. पण विहिरीवरला कॉक पाणी सोडायचा असतो, होडीतला पाणी घ्यायचा हुता. अशी चूक कुणाची बी हुईल. चुकीचा मला राग न्हाई. नंतरच्या आठ वर्सांचा हाय…

पंधरा दिवसांनी वहिनीला भेटाय गेलो. विचारलं, तुम्हाला ठावं हुतं? त्यांनी चहाचं आधण ठेवलं.

"व्हय. रोज म्हनायचे, किसनाला सांगून टाकतो. पन तुम्ही तीच गोष्ट सांगून समद्यांना हसवायचा. मग म्हनायचे, त्याला त्याचं काय वाटत न्हाई गं."

भांडायला गेलेला माणूस मी, चहा पिऊन आलो. भांडणार तरी कुणाशी? माझी फसवणूक त्यानं एक दिवस केली आन् पुढं ती मीच हसत हसत चालवली.

आज सुट्टी. सकाळी आमच्या कांद्याला पाणी सोडाय गेलो. आठ वर्सं झाली, मी कुठलाबी कॉक उघडला की चार पावलं जाऊन माघारी येतो, परत हात लावून बघतो. शेतातला असो, घरातला गॅस असो. बायको म्हणती, येडा झालाय. आज मनाशी म्हटलं, किसना, तुझा हात खोटा नव्हता, आता चल सरळ. सरळ चालत पार बांधापतूर गेलो… आन् माघारी फिरलो. कॉक उघडाच हुता.