दाणा चिरून पाहिला

पोलादपूरच्या आमच्या वरच्या वाडीतून कॉलेजात गेलेला पहिला मी, त्यामुळे बिघडलेलाही पहिला मीच. पुढल्या वर्षी मला परत मुंबईला कॉलेजात धाडायचं की नांगराला जुंपायचं, हे वडील त्या मे महिन्यात ठरवणार होते. म्हणून छाप पाडायला मी सरांकडून टेट्राझोलियमची चिमूटभर पूड मागून आणली होती. भिजवलेला भाताचा दाणा मधोमध चिरून तिच्या पाण्यात ठेवायचा. कोंबाच्या पेशी जिवंत असतील तर त्यांतली एन्झाइमं त्या बिनरंगी पाण्यातून लाल रंग काढतात. मेलेला कोंब पांढराच राहतो.

वडिलांनी माझ्या हातातलं ब्लेड पाहिलं. "दाणा कापून तो जिता हाय का बगतोस? उद्या बकरं कापशील नि त्याचा ताप बगशील."

अंधार हवा म्हणून वाटी देव्हाऱ्यामागे ठेवली. संध्याकाळी आमचे कोंब लालभडक झाले. आईनं हात जोडले, आणि एन्झाइमांचं श्रेय देवीला गेलं.

शेजारच्या चुलत्याशी आमचं बांधावरून वाकडं होतं. पुरुष एकमेकांशी बोलत नसत. बायकांना एवढी चैन परवडत नव्हती. चुलती पदरात मूठभर भात घेऊन आली. त्यांच्या बियाण्यावर वळवाचं पाणी गळलं होतं. तिचे दाणे पांढरेच राहिले.

"काकी, हे पेरू नका, मेलंय," मी सांगितलं.

चुलत्यानं आपल्या घरातूनच, पण आम्हाला ऐकू येईल असं उत्तर दिलं, "बापाचाच पोर तो! आमचं जितं भात मारायला निगालाय." आणि हट्टानं तेच पेरलं. वडीलही "पोरखेळ" म्हणून मोकळे झाले. ते मला फार लागलं.

जूनमध्ये आमचं रोप तरारलं, बांधापलीकडे नुसता चिखल. तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं की आमचा वाफा यंदा दुप्पट आहे, आणि वाढीव तुकडा नेमका चुलत्याच्या बांधाला लागून. वडिलांनी कुणाला न सांगता जास्तीचं बियाणं टाकलं होतं.

चुलता पलीकडे उभा होता. त्याच्याकडे न बघता वडील आमच्या बैलाला म्हणाले, "ऐकलंस काय रे, रोप लय जास्ती झालंय. लावणीला कुनी नेलं तर बरं, नायतर तुलाच खायला लागंल."

चुलत्यानं आपल्या बैलाच्या पाठीवर हात ठेवला. मग त्यालाच म्हणाला, "एवडं म्हनतायत तर नेऊया, काय रे?"

वडील घराकडे वळले. चार पावलं गेल्यावर त्यांनी मला विचारलं, "कॉलेज कदी उघडतंय तुजं?"