शामराव सरांची तारीफ

आमच्या तुमसरच्या गायकवृंदातली चार माणसं चहाला बसली, की शामराव सरांच्या कौतुकाचा विषय निघतोच. सर ऑर्गन वाजवायचे, चाली बांधायचे आणि राईस मिलमधल्या, दुकानांतल्या, शाळांतल्या आम्हा तीस-चाळीस जणांना एकत्र गायला लावायचे. त्यांचं कौतुक एवढ्या लोकांनी केलं, की विचारू नका! एकानं जरी नीट केलं असतं, तर हे किस्से साचले नसते.

*

एकदा पेपरातले एक समीक्षक नागपूरहून आमच्या कार्यक्रमाला आले. मध्यंतर झालं आणि ते गाडी पकडायला तुमसर रोड स्टेशनवर निघून गेले. तिसऱ्या दिवशी अर्धा कॉलम छापून आला! 'शेवटचं समूहगीत थेट काळजाला भिडलं.'

शेवटचं गीत आम्ही गायलोच नव्हतो! त्यातल्या मुख्य गायिका कुसुमताईंचा घसा बसला म्हणून सरांनी ते गाळलं होतं.

सरांनी कात्रण दोनदा वाचलं. म्हणाले, "नाई गायलो थे भिडलं. गायलो थ्याचं नावच नाई."

*

करडीला नाटक होतं, ऑर्गनवर नेहमीसारखे सर. पडद्याआधी कंपनीच्या मालकानं सरांचा सत्कार केला. शाल, श्रीफळ आणि लांबलचक भाषण! "सरांच्या ऑर्गनशिवाय आमचं नाटक म्हणजे बिनामिठाची भाजी!"

पुढच्या सीझनला कंपनीनं कीबोर्डवाला घेतला. सरांना ते पोस्टरवरून कळलं.

मी भडकलो. सर म्हणाले, "तुले तवाच समजलं नाई का? थो निरोप समारंभ होता."

*

आंबागडच्या कार्यक्रमात पुढे बसलेली एक म्हातारी सारखी डोळे पुसत होती. सर एकदम खूश! संपल्यावर स्वतः तिच्याजवळ गेले.

"गाणं आवडलं का, माय?"

"नाई बापा," ती माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली. "माहा बुढा याच्यासारखाच भसाडा गाये. थो आठवला."

परतताना सर जीपमध्ये म्हणाले, "इतक्या वर्षांत एक जण खरं बोललं."

*

मग सरांना अर्धांगवायू झाला. उजवा हात गेला. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, "काय बोटं होती सरांची!"

पंधरा दिवस सरांच्या बायकोनं, मालतीकाकूंनी, ऐकून घेतलं. मग दारातच उभ्या राहू लागल्या. "ज्याले 'होती' म्हणाचं आहे, त्यानं अंगणातूनच परत जावं."

*

गेल्या वर्षी भंडाऱ्याला समूहगान स्पर्धा होती. मी सरांना घेऊन गेलो. एका शाळेच्या मुलींनी भाताच्या रोवणीचं गाणं म्हटलं. चाल सरांची! आम्ही ती वर्षानुवर्षं गायलो होतो. मुलींचा पहिला नंबर आला.

परीक्षक माईकवर म्हणाले, "ही चाल कुण्या एका माणसाची असूच शकत नाही. पिढ्यानपिढ्या इथल्या धानाच्या बांध्यांमध्ये मुरलेलं हे लोकसंगीत आहे. आज कुणाला असं सुचेल का?"

टाळ्याच टाळ्या! मी ताडकन उठलो. सरांनी डाव्या हातानं माझा शर्ट ओढला.

"बस."

"सर, पण चाल तुमची आहे!"

"बस ना. बोलू दे त्यायले."

कार्यक्रम संपल्यावर परीक्षक खाली उतरले. सरांचे भरलेले डोळे पाहून थांबले, वाकून म्हणाले, "आजोबा, तुम्हीही कधी गाणं शिकलात वाटतं?"

सरांनी डाव्या हातानं डोळे पुसले.

"नाई जी," ते म्हणाले. "आयकाले आलो."