निस्तरलेली चूक पुसायची कोणी?

शहाद्याला बसून मी एक छोटी प्रोग्रामिंगची भाषा तयार करते, मराठी शब्दांची. तिच्यावर चालणारी एक पेटी कळसाडीला काकूच्या केळीत बसवली आहे. मोटर आणि ठिबकचे व्हॉल्व्ह ती सांभाळते. काकूला लेकीच्या बाळंतपणासाठी सुरतला जायचं होतं. ऐन मे महिन्यात केळी पेटीच्या भरवशावर सोडायची, आणि नेमका त्याच आठवड्यात पेटीने दगा दिला.

दुपारी काकूचा फोन आला. "लाईट उनी, मोटर भी चालू शे, मंग पाणी का बरं येत नई? तुन्ही पेटी रुसी गई का? उद्या भी असंच व्हयनं ते मी काढी टाकसू. सुरतनं ऱ्हाई गयं मंग."

झालं होतं असं. वीज गेली, बॅटरीवर चालणाऱ्या पेटीतल्या प्रोग्रामने ती चूक म्हणून पकडली, वीज येईपर्यंत वाट पाहिली आणि मोटर सुरू केली. सगळं शहाण्यासारखं. पण निस्तरलेली ती चूक भाषेच्या डोक्यात तशीच राहिली. पुढच्या ओळीने विचारलं, काही चूक आहे का? उत्तर आलं, आहे. व्हॉल्व्ह उघडलेच नाहीत.

या कामातला माझा पुण्याचा जोडीदार म्हणाला, "चूक पुसायची एक आज्ञा देऊ. ज्याने चूक हाताळली, त्याने ती शेवटी लिहायची." माझं डोकंच फिरलं. आमच्याकडे पाइप दुरुस्त करणारा, मोटर कोणी चालू करू नये म्हणून, स्टार्टरला फडकं बांधतो आणि ते सोडायचंही त्यानेच, दुसरं कोणी हात लावत नाही. पेटी बसवण्याआधी एकदा काकूचा सालदार गडी पाइप जोडून, फडकं तसंच ठेवून थेट लग्नाला गेला. पाइप ठणठणीत आणि मोटर दिवसभर बंद, कारण फडकं होतं ना! माणूस विसरणारच. म्हणून हे काम माणसावर सोडायचंच नाही, यावर मी अडून बसले.

शेवटी माझंच खरं केलं. प्रोग्रामचा चूक निस्तरणारा भाग संपला, मग तो शेवटपर्यंत गेलेला असो की मधूनच बाहेर पडलेला, की भाषेने ती चूक आपणहून पुसायची. निस्तरता निस्तरता दुसरी चूक झाली, तर ती मिटल्यावर आधीची पुन्हा समोर यायची, कारण तिचं काम अजून उरलेलं असतं. आणि जी कोणी हाताळलीच नाही, तिला हात लावायचा नाही. नाहीतर मोटर जळाली तरी पेटी आपली हसतमुख!

कळसाडीला जाऊन मी सुधारलेली भाषा पेटीत घातली आणि काकूसमोर मेन स्विच पाडला, पुन्हा चढवला. मोटर सुरू झाली, व्हॉल्व्ह उघडले, बुंध्यांपाशी माती ओली झाली. मग काकूनेच मुद्दाम एका व्हॉल्व्हची वायर उपटली. पेटी थांबली आणि चूक दाखवत राहिली.

"आते खरं बोलस हाई," ती म्हणाली आणि घरी जाऊन पिशवी भरायला लागली.

ती गेल्यावर मी धास्तीने पेटीपाशीच बसून होते. वीज गेली, आली, पाणी चालू राहिलं. संध्याकाळी सुरतहून फोन आला.

"नात व्हयनी," काकू म्हणाली आणि रडायला लागली. केळीचं तिने विचारलंच नाही.