पाचवा आवाज

अप्पा गेल्याचा फोन त्यांच्या मुलीनं, महानंदानं केला. "काका, सकाळी च्या पिले, आडवे झाले, अन् उठलेच न्हाईत..." मी "बरं" म्हणालो आणि फोन ठेवला. बरं काय होतं त्यात? पण जन्मभर सरकारी टेबलामागं बसलेल्या माणसाच्या तोंडात प्रत्येक गोष्टीला हाच शब्द येतो. याला आता तीन आठवडे झाले. गेलेल्या माणसावर लिहिणारे बहुतेक जण त्याच्या पंक्तीला हळूच आपलंही पान मांडून घेतात. मला ती सोय नाही. मन्मथअप्पांची आणि माझी ओळख माझ्या एका शेऱ्यामुळं झाली, आणि त्या शेऱ्यापायी एक माणूस गेला.

तेव्हा लातूर जिल्हा नवा होता. मी एका कचेरीत कारकून होतो. कचेरीचं नाव लिहीत नाही, शेरा माझा होता. दप्तर अजून गाठोड्यांत, खुर्च्या कमी आणि साहेब जास्त अशी गत. त्यात दुष्काळ. विहिरींनी तळ गाठला होता आणि जो तो आपली विहीर खोल करत होता. अप्पा कंधारच्या शिवेला लागून असलेल्या गावचे. विहिरीच्या तळाशी खडकात भोकं पाडायची, त्यांत सुरुंग भरायचे, वाती पेटवून शिडीनं वर यायचं आणि आवाज मोजायचे, हा त्यांचा धंदा. जितके सुरुंग तितके आवाज झाले तरच खाली उतरायचं. एक जरी आवाज कमी आला, तर अर्धा तास कुणी शिडीला हात लावायचा नाही.

एक दिवस ते कपाळाला भस्म लावून, अर्ज घेऊन माझ्यासमोर उभे राहिले. "भाऊसाहेब, मजूर दुपारी भाकरीला बसले की सुरुंग उडवायची चाल हाय आमच्याकडं. आता एकाच टायमाला चौफेर उडायलेत. आवाज कुणाचा ते कळंना गेलंय. सरकारनं एकेका विहिरीला येळ लावून द्यावी, अन् कुणीतरी येऊन बघावं."

"शेजारची विहीर कुठं आहे?" मी विचारलं.

"वढ्यापल्याड. कंधार तालुका."

"म्हणजे नांदेड जिल्हा. मग आमचा काय संबंध?"

"भाऊसाहेब, कानाला जिल्हा कळत न्हाई."

मला राग आला. खेड्यातल्या माणसानं नव्या कचेरीत येऊन मला शहाणपण शिकवावं? 'विषय हद्दीबाहेरचा' असा शेरा मी मारला, साहेबांनी न वाचता सही केली, आणि मी डबा उघडून जेवायला बसलो.

पंधरवड्यात ते घडलं. त्या दिवशी पाच सुरुंग होते. अप्पा मातीच्या ढिगाआड बसून एकेक बोट मिटत होते. एक... दोन... तीन, चार. मग जरा उसंत, आणि पाचवा. शेजारी बसलेला त्यांचा धाकटा भाऊ हणमंत म्हणाला, "झाले की पाच." अप्पांना पाचवा आवाज जरा लांबून आल्यागत वाटला. "थांब रं," ते म्हणाले. "अप्पा, पाण्यासाठी लोक खोळंबल्यात," म्हणत हणमंत शिडीवर पाय ठेवून मोकळाही झाला. पाचवा आवाज ओढ्यापलीकडचा होता. ह्यांचा पाचवा सुरुंग खाली खडकात तसाच होता. हणमंत तळाला पोचला, वर बघून त्यानं हात केला, आणि... यापुढचं अप्पा कधीच सांगत नसत. मीही कधी विचारलं नाही.

पंचनाम्याच्या माणसांबरोबर मलाही गावी पाठवलं. अप्पांनी मला लगेच ओळखलं. अंगावर धावून येतील म्हणून मी जीपला धरूनच उभा होतो. त्यांनी पाण्याचा तांब्या पुढं केला. म्हणाले, "मी मोजाय चुकलो, तुमी वाचाय चुकलात. आता तरी लिवा." लिहिलं मी. दोन्हीकडच्या साहेबांनी तोंडी ठरवलं: अलीकडच्या विहिरी सकाळी, पलीकडच्या दिवस कलताना, आणि सरकारी माणूस समोर हजर. त्या उन्हाळ्यात कुणाला खरचटलंही नाही. मग साहेब बदलून गेले, पाऊस झाला, आणि तोंडी हुकूम तोंडातच राहिला. अप्पांकडं सुरुंगाच्या कांड्या किती आल्या, हे सरकार अधूनमधून तपासायचं. त्या पेटवल्यावर माणसं कुठं उभी असतात हे बघायला मात्र कुणी आलं नाही. लोक मला सांगतात, ज्यानं त्यानं आपला जीव सांभाळावा, सरकार कुठंकुठं पुरणार? अप्पांइतका जपून वागणारा माणूस मी पाहिला नाही. पण शेजारच्या विहिरीत काय चाललंय ते त्यांच्या हातात नव्हतं. ते ज्याच्या हातात होतं तो मी होतो.

पुढं दर उन्हाळ्यात त्यांचा निरोप यायचा, "भाऊसाहेब, मोजाय या." मी जायचो. दोघं वेगवेगळे मोजायचो आणि मग पडताळायचो. एकदा त्यांच्या मोजणीत पाच आवाज आले, माझ्या मोजणीत सहा. "सरकारी आकडा हाय, फुगणारच," म्हणून हसले, पण अर्धा तास त्यांनी कुणाला हलू दिलं नाही. शिक्षा म्हणून बोलावत होते की मैत्री म्हणून, मला अजून सांगता येत नाही. मला ते फार हवे होते, एवढं खरं.

गेल्या आठवड्यात महानंदाला भेटायला गेलो. यंदाही पाणी आटलंय. बांधानं जाताना एका विहिरीत सुरुंग उडाले, त्याच वेळी ओढ्यापलीकडंही उडाले. तरणा ठेकेदार शिडीकडं निघाला.

"किती भरले होते?" मी ओरडून विचारलं.

"सहा."

"किती ऐकले?"

"झाले की सगळे!"

"अर्धा तास थांबा."

"काका, कुणाचा हुकूम हाय?" तो उर्मट नव्हता, रीतसर विचारत होता. जन्मभर मी लोकांकडं कागद मागितला, आणि त्या दुपारी माझ्या खिशात एक चिटोरं नव्हतं. मग मी शिडीच्या तोंडाशी फतकल मारून बसलो. "म्हातारा येडा हाय," कुणीतरी म्हणालं. मी उठलो नाही. अर्धा तास झाला. काहीच फुटलं नाही. एकेक जण माझ्याकडं बघून हसत खाली उतरला.

निघताना ठेकेदार म्हणाला, सोमवारपासून ओढ्यालगतच्या विहिरीचं काम धरणार आहे. मी सोमवारी लातुरात असेन; गुडघे आता साथ देत नाहीत. अप्पा नाहीत. त्या शिडीपाशी कोण बसणार?