अरविंदचा कोश, एकसारखा केलेला

रविवारी सकाळी सिडकोत शैलावहिनींकडे गेलो होतो... अरविंदच्या पुस्तकाची पहिली प्रिंट बघायला. त्याच्या वर्षश्राद्धाला पुस्तक छापून हातात असावं, एवढीच वहिनींची इच्छा होती.

अरविंद माझा कॉलेजपासूनचा मित्र, शैलावहिनी त्याची बायको. नव्वदच्या दशकात त्यानं अंबडला कॉम्प्युटर क्लास काढला. शिफ्ट संपवून येणारे कामगार, पेठ-सुरगाण्याकडच्या पाड्यांवरची पोरं, सगळे त्याच्याकडे शिकले. त्यांच्यासाठीच तो शेवटपर्यंत कॉम्प्युटरच्या शब्दांचा मराठी कोश करत होता.

आमचं भांडण त्यावरूनच... मी व्यासपीठावरून टेबल आपटून सांगायचो की एका शब्दाचं एकच रूप हवं, नाहीतर भाषा टिकणार नाही. आणि हा पठ्ठ्या कॉम्प्युटर, कंप्युटर, काँप्यूटर सगळं शेजारी शेजारी मांडायचा. सॉफ्टवेअरच्या मांडीला मांडी लावून 'सॉप्टवेर' बसलेलं. म्हणायचा, "माणूस जसं लिहितो तसंच शोधणार ना रे? आधी त्याला सापडू दे, मग तू दे भाषण."

वहिनींनी त्याचा जुना सीपीयू ओळखीच्या डीटीपीवाल्याकडे, नितीनकडे दिला होता. फाइल जुन्या फॉन्टमधली. नितीननं खपून ती नव्या फॉन्टमध्ये आणली... आणि पुस्तकात चुका राहू नयेत म्हणून प्रत्येक शब्दाचं एकच रूप ठेवलं. बाकीची सगळी काढून टाकली.

मी तिथूनच त्याला फोन लावला. मूळ फाइल मशीनमध्ये असेल, असं वाटलं.

"नाही सर. मशीन लई स्लो झालं होतं, व्हायरसपण होते. काकूंना त्रास नको म्हणून फॉरमॅट मारून दिलं."

"आणि जुन्या फाइलची कॉपी?"

"दुरुस्त केलेली आहे ना सर. जुनी कशाला लागती?"

आपल्याकडे ही रीतच आहे... दुकानात गेलेलं मशीन फॉरमॅट होऊनच, आतलं सगळं पुसूनच घरी येतं. आणि दुकानवाला ते प्रेमानं करतो, म्हणून रागावताही येत नाही.

वहिनी पानं चाळत होत्या. "एक चूक नाही बघा भाऊजी. हे त्यांचं वाटतच नाही." मग पानं खाली ठेवत म्हणाल्या, "नितीनला काही बोलू नका. जीव लावून केलंय त्यानं."

मी वर्षानुवर्षं मागत होतो तसंच नीटनेटकं पान समोर होतं. त्यात पेठचा पोरगा नव्हता, अंबडचा कामगार नव्हता... माझा मित्रही नव्हता.

छपाई थांबवलीय. श्राद्धाला पुस्तक नसलं तरी चालेल, पण ते त्यांचंच हवं, असं वहिनींनीच सांगितलं.

अरविंदच्या क्लासला गेलेलं कुणी हे वाचत असेल, तर तेव्हा हे शब्द तुम्ही जसे लिहीत होतात तसेच मला पाठवा. चुकलंय असं वाटलं तरी पाठवा... मी एका अक्षरालाही हात लावणार नाही.